दप्तर कोणाच्या हाती, जमीन कोणाच्या नावावर? राजर्षी शाहूंच्या कारभाराचा धडा

दरवर्षी २६ जूनला आपल्या वस्त्यावस्त्यांत राजर्षी शाहू महाराजांची जयंती साजरी होते. भाषणांत १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा येतो, माणगावची परिषद येते, बाबासाहेबांना केलेली मदत येते. हे सगळे यायलाच हवे. पण महाराजांनी २८ वर्षे एका संस्थानाचा रोजचा कारभार पाहिला, हा भाग भाषणांत फारसा येत नाही. बाजारपेठ कुठे वसवायची, वसतिगृहाला कोणती जागा द्यायची, गावचे दप्तर कोणी लिहायचे, महाराची वतनी जमीन कोणाच्या नावावर लावायची, पाणवठा कोणाला खुला ठेवायचा, असे निर्णय त्यांनी घेतले. आजच्या भाषेत याला आपण स्थानिक स्वराज्य आणि नगररचना म्हणतो.

महाराजांचे चरित्र आम्ही इथे याच बाजूने सांगणार आहोत. कारण आज आपल्या वस्त्यांचे बहुतेक प्रश्न ग्रामपंचायत, नगरपालिका आणि तलाठी कार्यालय या तीन ठिकाणी अडकलेले असतात. घराची नोंद, गावठाणाची हद्द, स्मशानभूमीची जागा, गायरानावरची वहिवाट, विकास आराखड्यातला रस्ता, सगळे तिथेच ठरते. तिथे काय करता येते हे शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने करून दाखवले होते.

यशवंतराव ते शाहू

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. मूळ नाव यशवंतराव. वडील कागलच्या जहागिरीचे जयसिंगराव घाटगे, आई राधाबाई. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज निपुत्रिक वारल्यावर राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांचा हा मुलगा शाहू छत्रपती झाला. शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेजर यांच्या हाताखाली झाले. फ्रेजर यांनी पुस्तकांइतकाच प्रवासावर भर दिला. त्यामुळे गादीवर बसण्याआधीच महाराजांनी आपल्या मुलखातली गावे, रस्ते आणि शेती डोळ्यांनी पाहिली होती.

लहानपणीचा एक प्रसंग पुढच्या कामासाठी महत्त्वाचा आहे. ३ मे १८८८ रोजी कोल्हापूर ते मिरज रेल्वेमार्गाच्या कामाचा प्रारंभ चौदा वर्षांच्या शाहूंच्या हस्ते झाला. १८९१ मध्ये गाडी धावू लागली. या रुळांच्या कडेला कोणाची पेठ उभी राहणार, कोणते गाव वाढणार, हे ठरवण्याचे काम पुढे त्यांच्याकडेच आले.

२ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ पदे होती. त्यांतली ६० एकाच, म्हणजे ब्राह्मण जातीच्या लोकांकडे होती. कारकुनांच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर जेमतेम १० होते. राजा बहुजनांचा, रयत बहुजनांची, पण मधला सगळा कागद एका जातीच्या हातात. पुढे वेदोक्त प्रकरणाने जातिव्यवस्था राजालाही सोडत नाही हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळले. मात्र कारभारातली ही कोंडी त्यांनी त्याआधीच पाहिलेली होती.

२६ जुलै १९०२ चा आदेश या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, असा तो आदेश होता. १९१२ पर्यंत प्रशासनातल्या ९५ पदांपैकी ब्राह्मणांकडे ३५ उरली होती. दहा वर्षांत कचेरीचा चेहरा बदलला. आता तो बदल गावापर्यंत न्यायचा होता.

पेठ, रूळ आणि पाणी

गादीवर आल्यावर एका वर्षातच, १८९५ मध्ये, महाराजांनी कोल्हापूर स्टेशनला लागून शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसवली. जुने शहर अंबाबाईच्या देवळाभोवती दाटलेले, गल्ल्याही जातवार. नवी पेठ रेल्वेच्या तोंडाशी आणि व्यापारासाठी आखलेली. आसपासच्या उसाच्या गावांतला गूळ इथे येऊ लागला आणि पुढे शाहूपुरी गुळाची मोठी बाजारपेठ म्हणून नावारूपाला आली.

लगेच १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ प्लेग. दुष्काळात महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, संस्थानची राखीव जंगले गुरांच्या चाऱ्यासाठी मोकळी केली, तगाई दिली, रस्त्यांची आणि तलावांची कामे काढली. प्लेगमध्ये दाटीच्या वस्त्या रिकाम्या करून लोकांना माळावर झोपड्यांत हलवले. तरुण राजाला यातून राज्य चालवण्याचा पहिला मोठा धडा मिळाला. पाऊस पडला नाही की आधी भूमिहीन मरतो आणि रोगाची साथ आली की आधी दाटीत राहणारा मरतो. पाण्याची सोय आणि वस्तीची मांडणी हा म्हणजे जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

म्हणून १९०२ मध्येच त्यांनी पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर केले. गावोगावच्या विहिरी आणि तलावांची पाहणी झाली, जुने तलाव दुरुस्त झाले, नवे काढले गेले. सर्वांत मोठे काम भोगावती नदीवरच्या धरणाचे. १९०८ मध्ये तिथे राधानगरी हे गाव वसवले गेले, मुलीच्या नावाने. धरणाचे काम महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. पैसा कमी पडला, काम थांबले आणि स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वाला गेले. आज कोल्हापूर जिल्ह्यातली हिरवी शेती पाहताना हे ध्यानात ठेवायला हवे, की या पाण्याची योजना पन्नास वर्षे पुढचे पाहून आखलेली होती.

१९१७ च्या सुमारास त्यांनी आणखी एक गाव कागदावर आखून वसवले, जयसिंगपूर. वडिलांच्या नावाचे हे शहर कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावरच आहे. बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. आजही तिथले पत्ते गल्लीच्या क्रमांकाने सांगितले जातात. आपल्याकडे गल्ली म्हटली की बहुधा जात आठवते, ब्राह्मण आळी, कुंभारवाडा, चांभारवाडा, महारवाडा. क्रमांकाच्या गल्लीला जात नसते. हे करताना महाराजांच्या मनात नेमके काय होते याचा दावा आम्ही करत नाही. पण नकाशा कोरा असताना रेघ कशी मारली जाते यावर पुढच्या पिढ्यांचे शेजार ठरते, हे जयसिंगपूर पाहिले की समजते.

वसतिगृहांना शहरात जागा

१९०१ पासून महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा अनेक समाजांसाठी. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. या वसतिगृहांचा इतिहास आपण शिक्षणाच्या अंगाने वाचतो. तो जमिनीच्या अंगानेही वाचला पाहिजे.

बोर्डिंग काढायचे तर आधी जागा लागते. महाराजांनी संस्थानची जागा दिली, इमारतींना मदत केली आणि खर्च भागावा म्हणून अनेक वसतिगृहांना उत्पन्नाची सोय लावून दिली. आणि जागा दिल्या त्या शहरात. दसरा चौकाच्या परिसरात गेलात तर आजही या जुन्या बोर्डिंग इमारती दिसतात. खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा शहरात आला तो मागच्या दाराने आला नाही. शहरातल्या मोठ्या चौकात त्याच्या नावाची इमारत होती.

या वसतिगृहांवर एक आक्षेप घेतला जातो, की ती जातवार होती. आक्षेपात तथ्य आहे. पण ज्या काळात शहरात अस्पृश्याच्या मुलाला भाड्याने खोली मिळणे अशक्य होते, त्या काळात एकत्र राहण्याची वाट पाहत बसणे म्हणजे एक पिढी वाया घालवणे होते. महाराजांनी आधी छप्पर दिले. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला.

कुलकर्णी गेला, तलाठी आला

समाजशास्त्र शिकताना आपण सत्ता म्हणजे काय यावर पानेच्या पाने वाचतो. गावात सत्ता म्हणजे काय हे समजायला एक दप्तर पुरते. कोणते शेत कोणाचे, सारा किती, बाकी किती, हद्द कुठे, हे ज्या वहीत लिहिलेले असते ती वही ज्याच्याकडे, तो गावाचा खरा मालक. जुन्या व्यवस्थेत ही वही कुलकर्ण्याकडे होती, आणि ते पद वंशपरंपरेने चाललेले वतन होते. रयतेला लिहिता-वाचता येत नव्हते. वहीत काय लिहिले आहे हे तिला वहीवालाच सांगणार. तोच कर्जाचे कागद लिहिणार आणि तोच साक्षही ठरवणार.

१९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतने बंद केली आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले. पद जन्मावर मिळणार नाही, शिकून मिळेल. वेगवेगळ्या जातींतल्या तरुणांना हे काम शिकवले गेले. त्यांत अस्पृश्य समाजातले तरुणही होते. ज्या चावडीच्या पायरीवर बापाला बसता येत नव्हते, त्या चावडीत मुलगा दप्तर उघडून बसला.

याला विरोध झाला नसता तरच नवल. वर्तमानपत्रांतून टीका झाली, अर्ज-तक्रारी वर ब्रिटिश सरकारपर्यंत गेल्या. आमच्या मते हा विरोध आरक्षणाला झालेल्या विरोधाइतकाच तीव्र असण्याचे कारण साधे होते. कचेरीतली नोकरी एका घराला जगवते, गावचे दप्तर मात्र सगळ्या गावाच्या जमिनीवर हुकूम चालवते.

महारवतन: जमीन होती, पण कोणाची?

याच १९१८ सालात महाराजांनी महारवतन रद्द केले. आपल्या समाजाच्या इतिहासात या निर्णयाला जेवढे स्थान हवे तेवढे अजून मिळालेले नाही.

वतन म्हणजे काय होते? गावाची कामे करायची आणि बदल्यात हाडकी-हाडोळ्यासारख्या जमिनीचा तुकडा आणि गावाकडून बलुते मिळायचे. कामांना अंत नव्हता. सरकारी सारा ठाण्यावर पोचवायचा, आलेल्या अंमलदाराचे ओझे वाहायचे, मयताची वर्दी गावोगाव द्यायची, मेलेली जनावरे ओढायची, रात्री गस्त घालायची. गावांच्या शिवेवरून तंटा झाला तर हद्द दाखवायला महारालाच पुढे करायचे, कारण शिवेचा दगड न् दगड त्याला माहीत. सगळ्या गावाच्या जमिनीची साक्ष देणाऱ्या माणसाची स्वतःची जमीन मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर नव्हती. ती सगळ्या महारकीची मिळून. पिढ्या वाढल्या तसे एकेकाच्या वाट्याला काही गुंठेही उरले नाहीत. पण त्या काही गुंठ्यांसाठी सगळ्या घरांनी, बायकापोरांसह, बारा महिने चोवीस तास गावाच्या हाकेला धावायचे. जमीन सोडली तर गाव सुटते, धरून ठेवली तर गुलामी सुटत नाही.

महाराजांनी ही गाठ सोडवली. वतनी जमिनी रयतावा करून त्या त्या कुटुंबाच्या नावावर लावण्याचा हुकूम दिला. म्हणजे इतर शेतकऱ्यासारखा सारा भरायचा आणि जमीन आपली म्हणून कसायची. सेवेचे लोढणे गळ्यातून निघाले. गावाला जी कामे हवीत ती ठरावीक नोकर ठेवून करून घ्यावीत, सगळ्या जातीला राबवू नये, अशी ही व्यवस्था होती.

शेजारच्या ब्रिटिश मुंबई इलाख्यात काय चालले होते ते पाहिले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. तिथे १८७४ चा वतन कायदा लागू होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते मंजूर होऊ शकले नाही. अखेर कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये आला, म्हणजे कोल्हापूरच्या हुकुमानंतर चाळीस वर्षांनी आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी.

हजेरी, वेठ, पाणवठा

१९१८ ते १९२० ही तीन वर्षे पाहिली तर महाराज घाईत होते असे वाटते. एकामागून एक हुकूम निघाले, आणि त्यांतले बरेच गावपातळीवरच्या कारभाराविषयी होते.

महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या लोकांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. जन्माने संशयित ठरलेल्या माणसाला परगावी जाऊन मजुरी करायचीही मोकळीक नव्हती. १९१८ मध्ये ही हजेरी बंद झाली. फासेपारध्यांना गुन्हेगार म्हणून हाकलण्याऐवजी महाराजांनी त्यांना काम दिले, राहायला जागा दिली. १९२० मध्ये वेठबिगार बंद झाली. मजुरी दिल्याशिवाय कोणालाही राबवता येणार नाही असे ठरले.

१९१९ मध्ये सार्वजनिक जागांविषयीचे हुकूम निघाले. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, धर्मशाळा, सरकारी विहिरी आणि तलाव अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच खुले राहतील. या हुकुमांत एक कारभारी शहाणपण आहे, ते कार्यकर्त्यांनी टिपून ठेवावे. नुसती समता जाहीर करून महाराज थांबले नाहीत. तिच्या अंमलाची जबाबदारी त्यांनी माणसावर टाकली. गावात भेदभाव झाला तर जाब पाटील-तलाठ्याला. अस्पृश्य नोकराला बरोबरीने वागवणे ज्या अधिकाऱ्याला पटत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि त्याला पेन्शन मिळणार नाही, असे त्यांनी बजावले. जातीचा अभिमान पेन्शनच्या तराजूत घातला की तो किती हलका होतो, हे त्यांना ठाऊक होते.

राजरस्त्यावरचे चहाचे दुकान

गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. राजवाड्याच्या पागेत काम करणारे गंगाराम. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराज परगावाहून आल्यावर त्यांनी दाद मागितली, दोषींना शिक्षा झाली. पुढे महाराजांच्या मदतीने गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले, सत्यसुधारक हॉटेल. महाराच्या हातचा चहा पिणार कोण? लोक फिरकेनात. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करून, बरोबरच्या लोकांसह, सगळ्यांदेखत तिथे चहा पिऊ लागले.

ही गोष्ट आपण राजाच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतो. तिच्यात दुसरेही काही आहे. ते दुकान महारवाड्यात नव्हते, शहराच्या मुख्य रस्त्यावर होते. गावगाड्याने अस्पृश्याला जागा दिली ती वेशीबाहेर, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या उताराच्या दिशेला. जातीची ही व्यवस्था डोक्यात होती तशी जमिनीवरही आखलेली होती. राजरस्त्यावर महाराचे दुकान उभे राहिले तेव्हा ती आखणी एका ठिकाणी मोडली.

दुसरी आखणी मोडली नगरपालिकेत. कोल्हापूर नगरपालिकेत वेगवेगळ्या समाजांना प्रतिनिधित्व देण्याचे धोरण आले, अस्पृश्यांनाही जागा मिळाल्या आणि अस्पृश्य समाजातले दत्तोबा पवार नगरपालिकेचे चेअरमन झाले. पाणी, दिवे, गटारे, झाडलोट, बाजार, शहराची रोजची सगळी कामे जिथे ठरतात तिथल्या मुख्य खुर्चीवर अस्पृश्य माणूस बसला. आजवर शहर झाडणाऱ्यांच्या समाजाला शहर चालवण्याचा अधिकार मिळाला.

माणगाव आणि अखेर

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराज तिथे आले आणि या समाजाला आपला खरा पुढारी मिळाल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्याआधी दोन महिने, ३१ जानेवारीला, मूकनायक सुरू झाले होते, त्यालाही महाराजांची मदत होती. मे अखेरीस नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेचे अध्यक्षपद महाराजांनी भूषवले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. त्यांचे पहिले स्मारक कोणी उभारले? १९२५ मध्ये कोल्हापूरच्या नर्सरी बागेत, पुढाकार गंगाराम कांबळ्यांचा. हौदाला शिवल्याबद्दल मार खाणाऱ्या माणसाने राजाच्या नावाचा दगड रोवला.

आता मर्यादाही नोंदवली पाहिजे. शाहू राजे होते. त्यांचे हुकूम वरून खाली गेले. ते अमलात येत होते कारण मागे त्यांची नजर होती. रयतेच्या हातात तो हुकूम बदलण्याची किंवा टिकवण्याची ताकद पुरेशी आलेली नव्हती. राजा गेला की त्याच्या हुकुमाचे काय होते, हा प्रश्न लोकशाहीच्या बाजूने विचारला गेला पाहिजे आणि बाबासाहेबांनी तो विचारला. १९२३ च्या बोले ठरावाने मुंबई इलाख्यातले पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांना चालत जावे लागले आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडले. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसेल तर पंचायतीच्या हाती अधिकार देणे धोक्याचे आहे, अशी भूमिका घेतली. गावाला अधिकार म्हणजे गावातल्या बलिष्ठांना अधिकार, हे ते अनुभवाने जाणत होते.

आपल्या हातात काय आहे

७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली. तेव्हापासून ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आहेत, सरपंचपदही आळीपाळीने राखीव असते. दत्तोबा पवारांना राजाच्या पाठबळाने मिळालेली खुर्ची आज आपल्याला संविधानाने मिळते. पण खुर्चीवर आपला माणूस बसतो आणि दप्तर दुसराच कोणी चालवतो, हे चित्र आम्ही काम करताना पुन्हा पुन्हा पाहतो. सही आपली असते, ठराव आधीच लिहिलेला असतो.

म्हणून शाहूंच्या कारभारातून चार कामे घ्यावीत असे आम्हाला वाटते.

पहिले, दप्तर वाचायला शिका. सातबारा, फेरफार, आठ-अ, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची एक-ई नोंदवही. प्रत्येक वस्तीत दोन तरुण आणि दोन तरुणी अशा असाव्यात की ज्यांना हे कागद मिळवता आणि वाचता येतात. महाराजांनी तलाठी घडवले, आपण निदान तलाठ्याला प्रश्न विचारणारे घडवू.

दुसरे, वतनी जमिनींचा माग काढा. १९५८ च्या कायद्यानंतर या जमिनी सरकारकडे जाऊन ठरावीक रक्कम भरल्यावर मूळ वतनदारांना परत मिळायच्या होत्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नव्हत्या. आपल्या आजोबांच्या नावाची हाडकी-हाडोळ्याची जमीन आज कोणाच्या नावावर आहे, मधे कोणता फेरफार झाला, परवानगी होती का, हे तपासा. शहराला लागून असलेल्या या जमिनींची किंमत आता वाढली आहे, आणि ती आपल्याआधी दुसऱ्यांच्या लक्षात आलेली आहे.

तिसरे, गायरानाचा पुरावा जपा. १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या भूमिहीन मागासवर्गीयांच्या गायरान अतिक्रमणांना नियमित करण्याचे राज्याचे धोरण आहे. हे धोरण लढ्यातून आले. पण प्रत्यक्षात जमीन टिकते ती दंडाची पावती, पंचनामा, पीकपाण्याची नोंद अशा कागदांवर. ट्रंकेत ठेवलेली जुनी पावती ही जयंतीच्या बॅनरइतकीच चळवळीची मालमत्ता आहे.

चौथे, आराखडा येतो तेव्हा हजर राहा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत हरकती घेता येतात. आराखड्यातल्या राखीव भूखंडालाही आरक्षण म्हणतात. नोकरीतल्या आरक्षणासाठी आपण रस्त्यावर उतरतो. या दुसऱ्या आरक्षणात बाग कोणाच्या शेजारी, कचरा डेपो कोणाच्या शेजारी आणि रुंद रस्ता कोणाच्या घरांवरून जाणार हे ठरत असते, तेव्हा आपली हरकत एकही नसते. मुदत संपल्यावर मोर्चा काढून फारसे हाती लागत नाही. गावात हीच गोष्ट ग्रामसभेची. वर्षातून किमान चार सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. गावठाण विस्तार, स्मशानभूमी, वस्तीचा रस्ता हे विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावणे, ठरावाची प्रत मागणे आणि ती फाईलला लावणे, हे काम कंटाळवाणे आहे. पण हजेरी, वेठ आणि महारवतन अशाच कंटाळवाण्या कागदांनी पक्के केलेले होते, आणि ते मोडले तेही कागदानेच.

येत्या २६ जूनला मिरवणूक जरूर निघावी. त्याच आठवड्यात आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन आपल्या वस्तीचा नकाशा पाहण्यासाठी अर्जही करावा. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लागत असेल तर तो जयंतीच्या वर्गणीतून घ्यावा. त्या वर्गणीचा याहून चांगला विनियोग आम्हाला तरी सुचत नाही.

जय भीम! जय शाहू!